डोनर गाडीतून हलकी स्पोर्ट्स कार घरी बांधताना

डोनर गाडी, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे ती जुनी गाडी, साधारण एक टनाची असते आणि तिच्या भागांतून उभी राहणारी गाडी सहाशे किलोंच्या आसपास. या कामातले बहुतेक निर्णय या एका फरकातून निघतात. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, स्टब ॲक्सल (चाक ज्यावर बसते तो आखूड दांडा) आणि हब (चाकाचा मधला फिरणारा भाग) जसेच्या तसे चालतात, उलट कमी ओझ्याखाली ते जास्त टिकतात. स्प्रिंग, ब्रेकचा पुढचा-मागचा तोल आणि स्टिअरिंगचा जोर मात्र दीडपटीहून जास्त वजनासाठी आखलेला असतो. तो तसाच उचलला, तर गाडी चालते, पण चांगली चालत नाही.

इथे गृहीत धरलेला प्रकार लोटस सेव्हनच्या वळणाचा आहे: पुढे इंजिन, मागच्या चाकांना जोर, पाइपांचा सांगाडा, दोन आसने. सेव्हन १९५७ मध्ये आली, १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि तो आराखडा आजही घरी बांधणाऱ्यांसाठी सगळ्यात समजूतदार आहे, कारण त्यात वाकवलेला पत्रा कमी आणि सरळ पाइप जास्त.

पत्रा कापायच्या आधी एक काम कागदावरचे. गाडी ज्या देशात रस्त्यावर आणायची, तिथे घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी कोणत्या तपासणीतून होते, डोनरची कोणती कागदपत्रे लागतात, दिव्यांची उंची आणि धारदार कडांबद्दल काय नियम आहेत, हे नोंदणी कार्यालयाकडून लेखी घ्या. दिवे आणि आरसे यांच्या जागा सांगाड्याच्या नकाशातच ठरतात. नंतर बदलायला गेलात तर रंगवलेला सांगाडा पुन्हा कापावा लागतो.

डोनर निवडताना

मागच्या चाकांना जोर देणारी, चालू स्थितीतली, पूर्ण गाडी घ्या. सुटे इंजिन एकीकडून, गिअरबॉक्स दुसरीकडून आणि वायरिंग तिसरीकडून जमवणे स्वस्त वाटते, पण न जुळणारे सेन्सर आणि ब्रॅकेट शोधण्यातच महिने जातात. पहिल्या पिढीची मझदा एमएक्स-५ या कामाला फार सोयीची आहे: चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाक धरून वर-खाली हलू देणारे A-आकाराचे दांडे), १.६ लिटरचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्तीचे. तीच ताकद सहाशे किलोंवर आली की टनामागे १९० अश्वशक्ती होते. डोनरची बॉडी गंजलेली असली तरी चालेल, ती तशीही भंगारात जायची आहे. मार लागून वाकलेले हब किंवा स्टब ॲक्सल मात्र नको.

खोलण्याआधी गाडी चालवून बघा. इंजिन गरम करून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर इंजिन सांगाड्यात बसवण्याआधीच उघडा. गिअर दुसऱ्यात टाकताना खरखर, डिफरन्शिअलचा गुंजारव, स्टिअरिंग रॅकमधली ढिलाई यांची नोंद करा.

खोलताना वायरिंग कापू नका. प्रत्येक प्लगला चिठ्ठी बांधा, फोटो काढा, आणि हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा) अखंड बाहेर काढा. किल्लीत इमोबिलायझर (चोरीविरुद्ध इंजिन अडवणारी यंत्रणा) असलेल्या गाडीची किल्ली, कुलपाभोवतीची रिंग, इमोबिलायझरचे युनिट आणि इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) एकत्र ठेवा. यातले एक जरी हरवले तरी इंजिन सुरू होत नाही. निघालेला प्रत्येक भाग तराजूवर ठेवून वजन वहीत लिहा. शेवटी गाडी का जड झाली, याचे उत्तर या वहीतच सापडते.

सांगाडा

सांगाडा भागांना मापून बांधायचा, नकाशाला चिकटून नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांची खरी मापे घेतल्याशिवाय पहिला पाइप कापू नका. सर्वसाधारण नकाशात गिअरबॉक्सचा बोगदा किंवा इंजिनखालच्या ऑइल चेंबरची जागा तुमच्या भागांपेक्षा दोन बोटे अरुंद निघण्याची शक्यता बरीच असते.

मुख्य पाइप २५ × २५ मिमी, १.६ मिमी जाडीचा, माइल्ड स्टीलचा. त्याचे वजन मीटरला सुमारे १.१८ किलो. दुय्यम तिरप्यांसाठी २० मिमी चौकोनी पुरतो. दोन मिमी जाडीचा पाइप 'जास्त मजबूत' म्हणून सरसकट वापरण्याचा मोह टाळा. सांगाड्याला ताठपणा येतो तो त्रिकोणांमुळे. तिरपा पाइप नसलेला चौकोन कितीही जाड पाइपाचा केला तरी पिळतो. इंजिनच्या दोन्ही बाजूंचे कप्पे आणि बोगदा या दोन जागी तिरपे वगळले जातात, कारण तिथे हात घालायला जागा हवी असते. तिथे निघणारा काढ-घाल तिरपा बोल्टने लावा, पण लावाच.

बांधकामाला १८ मिमी प्लायवूडचा सपाट पाट लागतो, पायांखाली पाचरी देऊन पाणलेव्हलने समतल केलेला. त्यावर मध्यरेषा आणि तळाचा पूर्ण आकार खऱ्या मापात काढा, पाइपांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे स्क्रूने बसवा. पाइप कापून टोके कानशीने अशी जुळवा की फट एक मिमीपेक्षा कमी राहील. मोठी फट वेल्डने भरली की आकुंचन वाढते आणि कोपरा आत ओढला जातो.

आधी सगळे फक्त टॅक करा, म्हणजे ठिपक्याएवढ्या तात्पुरत्या वेल्डने जोडा. तळ, मग उभे, मग वरची चौकट, मग तिरपे. दर टप्प्याला दोन्ही कर्ण मोजा. फरक दोन मिमीच्या आत हवा, नसेल तर टॅक कापून पुन्हा जुळवा. पूर्ण वेल्डिंग सगळी चौकट टॅकवर उभी राहिल्यानंतरच. त्यातही क्रम महत्त्वाचा: पुढे डावीकडचा एक सांधा, मग मागे उजवीकडचा, मग पुढे उजवीकडचा. वेल्ड थंड होताना धातू स्वतःकडे ओढतो. एकाच बाजूने सलग वेल्ड करत गेले की सांगाडा केळ्यासारखा वाकतो आणि तो सरळ करायला सोपा मार्ग नाही.

मिग वेल्डिंग मशीन, ०.६ किंवा ०.८ मिमी वायर आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण एवढे पुरते. सांगाड्याला हात लावण्याआधी त्याच पाइपाचे तुकडे जोडा, एक करवतीने मधोमध कापून वितळ आतपर्यंत गेली का बघा, दुसरा शिकंजात धरून हातोड्याने वाकवा. पाइप फाटण्याआधी वेल्ड सुटला तर करंट कमी आहे. वरून सुबक दिसणारा, पण नुसता चिकटलेला वेल्ड हा या कामातला सगळ्यात धोकादायक दोष. वेल्ड घासून गुळगुळीत करण्याचीही गरज नाही, घासताना मजबुतीच निघून जाते. हाताला विश्वास येत नसेल, तर टॅक तुम्ही करा आणि पूर्ण वेल्ड प्रमाणित वेल्डरकडून करून घ्या.

जस्त चढवलेला पाइप वेल्ड करू नका, त्याच्या धुराने ताप येतो. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर आर्क मारला तर विषारी फॉस्जीन वायू तयार होतो. वेल्डआधी पुसायला ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण वाळू द्या.

सस्पेन्शन आणि स्टिअरिंग

विशबोनचे ब्रॅकेट ३ मिमी पट्टीचे. एका विशबोनचे दोन ब्रॅकेट एकाच लांब गजावर ओवून, गज गुण्याने आणि लेव्हलने तपासून मगच टॅक करा. सुटे सुटे लावले तर छिद्रे एका रेषेत येत नाहीत, बुश (सांध्यातली रबरी नळी) आवळून बसतो आणि चाक मोकळे हलत नाही. वेल्ड करताना रबरी बुश आत ठेवू नका. बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, ब्रॅकेटमध्ये आटे नव्हे तर बोल्टचा सपाट भाग टेकला पाहिजे, आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) दर वेळी नवा. रबर धातूच्या नळीला पक्के चिकटवलेले बुश गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळा. चाक हवेत लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

डोनरच्या स्प्रिंग इथे ठेवायच्या नाहीत. हिशेब सोपा आहे. गाडी ६०० किलो, चालक ८०, म्हणजे चाकामागे १७०. त्यातून चाक, हब, ब्रेक यांचे ३० वजा केले की स्प्रिंगवर १४० किलो. रस्त्याच्या गाडीला सेकंदाला १.६ हेलकावे ही वारंवारिता धरली, तर चाकापाशी सुमारे १४ न्यूटन प्रति मिमी लागतात. चाक १० मिमी उचलल्यावर शॉकॲब्सॉर्बर ७ मिमी दबत असेल, तर या आकड्याला ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने भागा: २९ न्यूटन प्रति मिमी, पौंड प्रति इंचाच्या भाषेत साधारण १६५. वर्ग करायला विसरले की स्प्रिंग मऊ येते आणि खड्ड्यात सांगाडा टेकतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचे वजन खरे मोजल्यावर हाच हिशेब दोन्हींसाठी वेगळा करा.

स्टिअरिंग रॅक डोनरमध्ये ॲक्सलच्या पुढे होता की मागे, हे नीट बघा. तो पुढचा मागे तसाच सरकवला तर चाके उलट वळतात. उंचीही महत्त्वाची. टाय रॉडचा (रॅकपासून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा वरच्या आणि खालच्या विशबोनच्या आतल्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेवर असावा, आणि रॉडची रेषा विशबोनच्या रेषांना छेदणाऱ्या बिंदूकडे जावी. तसे नसेल तर खड्ड्यावर चाक आपोआप वळते. तपासायला स्प्रिंग काढा, हबला सरळ पट्टी बांधा, जॅकने चाक ५० मिमी वर-खाली करा आणि पट्टीची पुढची-मागची टोके भिंतीपासून मोजा. फरक एक मिमीपेक्षा जास्त झाला तर रॅकखालचे पॅकिंग बदला. यावर पूर्ण दिवस गेला तरी वाया नाही.

इंजिन, शाफ्ट, ब्रेक, इंधन

इंजिन पुढच्या ॲक्सलच्या जितके मागे नेता येईल तितके न्या. ऑइल चेंबर सांगाड्याच्या तळाखाली लोंबत असेल तर ते छाटून रुंद करावे लागते. आकार बदलला तरी तेल तेवढेच मावले पाहिजे, आणि आत पडदे हवेत, नाहीतर वळणावर तेल बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सला स्वतंत्र मागचा माउंट नसतो, लांब ॲल्युमिनियम फ्रेम तो डिफरन्शिअलशी जोडते. ती फ्रेम वगळली तर गिअरबॉक्सला माउंट आणि डिफरन्शिअलच्या नाकाला आधार दोन्ही करावे लागतात. नाक मोकळे सोडले तर क्लच सोडताच ते वर उचलते.

प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून डिफरन्शिअलकडे जोर नेणारा दांडा) जवळपास नेहमीच आखूड करावा लागतो. तो कारखान्यात कापून, वेल्ड करून तोलून घ्या. गिअरबॉक्सची आणि डिफरन्शिअलची रेषा समांतर ठेवा, दोन्ही सांध्यांचे कोन सारखे, तीन अंशांच्या आत. शाफ्ट बसवल्यावर स्प्लाइन (शाफ्टचे सरकणारे दातेरी टोक) तळाला टेकण्याआधी अजून २० मिमी सरकायला जागा उरली पाहिजे. शाफ्टभोवती पोलादी कड्या लावा, कारण तो तुटला तर फिरणारे टोक थेट चालकाच्या कमरेशेजारी असते.

ब्रेकचे दोन स्वतंत्र सर्किट अटळ आहेत. हलक्या गाडीला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारे साधन) बहुधा लागत नाही आणि अरुंद पेडल-कप्प्यात तो मावतही नाही. तो काढला तर मास्टर सिलिंडर २२ ऐवजी १९ मिमीचा घ्या: त्याच पायाच्या जोरात दाब सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, पेडलचा प्रवासही तेवढाच वाढतो. पाइप ४.७६ मिमीचे, कॉपर-निकेल, दर २५ ते ३० सेमीला क्लिप. पुढची चाके आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी लॉक झाली तर गाडी फिरते, म्हणून मागच्या सर्किटवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह ठेवा.

इंधनाच्या टाकीत पडदे आणि व्हेंट हवेत. इंजेक्शनच्या गाडीत पाव टाकीवर वळणात पंप कोरडा पडतो, त्यासाठी लहान स्वर्ल पॉट (पंपाला सतत इंधन पुरवणारी छोटी टाकी) जोडा. इंधनाची नळी एक्झॉस्टपासून दूर ठेवा आणि बोगद्यातून नेलीच तर शाफ्ट तुटूनही तिला लागणार नाही अशी. रेडिएटर खाली बसतो, त्यामुळे हेडर टँकचे (पाणी भरायच्या टाकीचे) झाकण सगळ्या व्यवस्थेत सर्वांत उंच बिंदूवर असावे. हवा अडकली की गेज थंड दाखवते आणि हेड तापते.

पॅनेलसाठी १.२ मिमी ॲल्युमिनियम. सांगाडा आधी रंगवून घ्या, मग पॉलियुरेथेन चिकटवून ५० मिमी अंतराने रिव्हेट मारा. उघड्या पोलादाला ॲल्युमिनियम टेकले की ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. रंगामुळे अर्थिंग तुटते, म्हणून बॅटरीची अर्थ वायर थेट इंजिनला न्या. रोल बार (गाडी उलटली तर डोके वाचवणारी कमान) सीमलेस पाइपाचा, सांगाड्याच्या सांध्यांवर टेकलेला, मागे तिरप्या आधारांसह. सीटबेल्ट-हार्नेसचे खांद्याचे पट्टे मागे आडवे किंवा २० अंशांपर्यंत खाली जावेत. त्याहून खाली खेचले तर धडकेत कण्यावर दाब येतो.

पहिल्यांदा सुरू करताना इंधन पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दाब चढेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवा. मग चाकांचे कोन लावा: पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे एक अंश, कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळते तिचा मागे कल) पाच अंश, टो-इन (चाकांची पुढची टोके आत वळलेली असणे) एकूण एक मिमी, आणि हे सगळे आसनावर चालकाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून. पहिल्या ५० किमीनंतर सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि शाफ्टचा प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने तपासून रंगाची रेघ मारा, ५०० किमीला पुन्हा तपासा. रेघ सरकलेली दिसली तर तो बोल्ट नुसता आवळू नका, काढून त्याचे छिद्र लांबट झाले आहे का ते पाहा.