पेटीवर उघडा राहील असा अंक: संगीताच्या मासिकाची मांडणी

गेली १९ वर्षे मी पुण्यात अंकांची मांडणी करते. दिवाळी अंक आहेतच, पण जीव रमतो तो संगीताच्या कामात: एका मंडळाचे त्रैमासिक, गायनवर्गांच्या स्मरणिका, कुणा गुरूंच्या पंचाहत्तरीचा विशेषांक. नवीन मंडळी भेटायला येतात तेव्हा कागदावर लिहून आणतात, ‘टार्गेट ऑडियन्स: १८ ते ६० वयोगटातील संगीतप्रेमी’. यावरून पान लावता येत नाही. मी त्यांना एकच विचारते, तुमचा अंक उघडला जाणार कुठे? आरामखुर्चीत, पेटीशेजारी, की मैफलीच्या मध्यंतरात चहाचा कप एका हातात धरून? हे कळले की आकार, कागद, टाइप, बांधणी यांतले निम्मे निर्णय तिथेच होऊन जातात.

इंग्लंडमधली तीन मासिके बघा. ‘स्मॅश हिट्स’ १९७८ मध्ये निघाले. रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांचे शब्द आणि रंगीत फोटो, हेच त्याचे भांडवल. शाळकरी मुलगी आपल्या खोलीत पान उघडून गाणे म्हणणार आणि फोटो भिंतीला लावणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ‘केरँग!’ १९८१ चे. गिटारच्या दणक्याचा आवाज हेच नाव, आणि त्या नावाची अक्षरे तडकलेल्या काचेसारखी. हेवी मेटल ऐकणाऱ्या पोराला दुकानाच्या फळीवर ते दुरूनच ओळखू यायचे. ‘मोजो’ १९९३ चे. त्यात जुने फोटो आणि सलग लांब लेख, कारण त्याचा वाचक घरी तबकड्यांचा संग्रह करून बसलेला. तिन्ही अंक संगीताचेच, पण एकाचे पान दुसऱ्यात लावले तर परके वाटेल.

आपल्याकडेही हे जुनेच आहे. हाथरसचे ‘संगीत’ १९३५ पासून आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ १९४७ पासून शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या घरात जात आले. असा अंक चाळून रद्दीत जात नाही. गुरुजी त्यातली बंदिश वहीत उतरवून घेतात, विद्यार्थी परीक्षेच्या वेळी जुने अंक काढतो. म्हणून पुढे जे सांगते आहे ते अशाच अंकाबद्दल: शास्त्रीय संगीत ऐकणारे आणि शिकणारे मराठी वाचक, आणि छापील प्रत.

आकार आणि बांधणी

मी क्राउन चतुर्थांश घेते, म्हणजे कापून साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंच. २० बाय ३० च्या कागदातून १६ पानांचा फर्मा, म्हणजे एका कागदाच्या घडीतली पाने, नीट निघतो, कागद वाया जात नाही आणि अंक शबनम पिशवीत मावतो. पानसंख्या ६४ पर्यंत असेल तर सेंटर पिनच करा, म्हणजे मधल्या घडीत पिना मारा. प्रेसवाले परफेक्ट बाइंडिंगचा, म्हणजे गोंदाच्या बांधणीचा, आग्रह धरतात, कारण त्याला पाठ मिळते, पाठीवर नाव छापता येते आणि अंक ‘पुस्तकासारखा’ दिसतो. पण गोंदाच्या बांधणीचा अंक पेटीवर उघडा ठेवला की मिटतो. विद्यार्थ्याचा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. पान धरायला तिसरा हात आणायचा कुठून? मग तो कोपऱ्यावर मोबाईल ठेवतो, आणि मोबाईलखाली अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, झाकला जातो.

कागद चकचकीत नको. मैफलीच्या मंडपात वरून ट्यूबलाइट असते, आजोबांना चष्मा असतो, आणि आर्ट पेपरवर उजेड असा चमकतो की पान तिरके धरून वाचावे लागते. मजकुराला ८० जीएसएम वजनाचा नॅचरल शेड मॅपलिथो, म्हणजे किंचित पिवळसर, न चमकणारा कागद, आणि फोटोंसाठी मध्ये एकच फर्मा मॅट आर्टचा, एवढे पुरते. नॅचरल शेडवर पेन्सिलही चांगली उमटते, आणि तालाच्या खुणा करणाऱ्या वाचकाला पेन्सिल लागतेच.

मुखपृष्ठ

तंबोऱ्याची छायाकृती, वळणदार सा रे ग म आणि मागे केशरी सूर्य. हे मुखपृष्ठ मी स्वतः सुरुवातीला तीनदा केले आहे. ते वाईट दिसत नाही, पण त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. या महिन्याचा अंक आणि मागच्या वर्षीचा अंक त्याला वेगळा ओळखता येत नाही.

डिसेंबरात पुण्यात ‘सवाई’ असते. १९५३ पासून चाललेला हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव, आणि मंडपाबाहेर पुस्तके-सीडींची टेबले. आमच्या टेबलामागे मी तीन संध्याकाळी उभी राहिले ते फक्त हात बघायला. माणसे अंकाकडे येतात ती आधी चेहरा बघून. हा गायक कोण हे ओळखीचे असेल तर हात पुढे होतो. मग नजर डाव्या बाजूला वरपासून खाली जाते. मग अंक उलटून मागचे पान बघतात. मग मधलेच कुठलेतरी पान उघडतात. अनुक्रमणिका कुणी उघडली नाही.

त्यातून मी शिकले ते असे. मुखपृष्ठावर एकच माणूस ठेवा आणि गात असलेला ठेवा. सिनेमाच्या मासिकावर नट वाचकाकडे बघतो, ते तिथे चालते. आपला श्रोता गवयाला डोळे मिटलेला, हात उचललेला असाच ओळखतो, म्हणून फोटोत हात कापू नका. पूर्ण हात येण्यासाठी चेहरा लहान झाला तरी चालेल. डाव्या कडेला तीन ओळी, चौथी नको, आणि त्या त्याच वाचकाच्या बोलीत. ‘एका श्रेष्ठ गायिकेचा सांगीतिक प्रवास’ असे लिहिले तर ते कुणाचेच नाही. ‘किशोरीताईंचा भूप: एका श्रोत्याची वही’ म्हटले की जाणकाराचे पाऊल थबकते. तिसरी ओळ विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवा: ‘मध्यमेसाठी तीन छोटे ख्याल, नोटेशनसह’. मुलाला परीक्षेला बसवणारी आई तेवढ्यासाठी अंक घेते.

मागचे मुखपृष्ठ जाहिरातीला जाते, तिथून पैसे येतात, त्यावर वाद घालू नका. फक्त सराफाची सोनेरी जाहिरात आणि बँकेची निळी जाहिरात समोरासमोर येऊ देऊ नका. वाद्यवाल्यांची जाहिरात मिळाली तर ती आतल्या पानावर लेखाशेजारी घ्या. मिरजेच्या तंबोऱ्यांची जाहिरात आमचे वाचक लेखासारखी वाचतात.

अक्षर

देवनागरीत मोठी लिपी नाही, तिरपे अक्षर आपल्याला शोभत नाही, आणि वर शिरोरेषा सगळ्या शब्दांना एकाच पट्टीत बांधते. म्हणून चढउतार दाखवायचा तो आकाराने आणि वजनानेच. मजकूर साडेबारा पॉइंट, ओळीला अठरा पॉइंटांची जागा. इंग्रजी मासिकांची सवय असलेल्यांना हे फार मोठे वाटते, पण वेलांट्या-उकारांची जागा वजा केली की देवनागरी त्याच पॉइंटात बारीकच दिसते. रकाने दोन. ओळी दोन्ही कडांना ताणू नका. मराठी शब्द लांब असतात, ते तोडायची आपली रीत नाही, मग अरुंद रकान्यात शब्दांमध्ये खिंडारे पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी सोडा.

फाँट निवडताना आधी ‘ल’ आणि ‘श’ टाइप करून बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे. २००९ च्या शासकीय वर्णमालेतही तीच आहेत. पुष्कळ फाँट न सांगता हिंदी वळणे देतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही भारतीय लिप्यांची सोय आणि भाषा मराठी ठेवली की चांगला फाँट ती आपोआप बदलतो. ‘तानपुऱ्यावर’ हा शब्दही टाइप करून बघा. त्यातला अर्धा र् बिघडत असेल तर तो फाँट संगीताच्या अंकाला निरुपयोगी आहे, कारण तो शब्द पानोपानी येणार.

नोटेशनचे पान

नोटेशन म्हणजे बंदिशीची स्वरलिपी. अंकाचा सगळा कस इथे लागतो, आणि बहुतेक ठिकाणी हेच पान सगळ्यात घाईत लावले जाते.

तीनतालाच्या १६ मात्रा. आपल्या पानाची रुंदी १८४ मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे समास १८-१८ सोडले तर उरतात १४८, म्हणजे एका मात्रेला सव्वानऊ मिलिमीटर. त्यात एक स्वर ऐसपैस बसतो, दोन बसतात, पण तानेतले चार स्वर एका मात्रेत आले की गर्दी होते. अशा वेळी अक्षर लहान करू नका. तानांसाठी आठ-आठ मात्रांच्या ओळी वेगळ्या लावा, स्थायी-अंतऱ्याला, म्हणजे बंदिशीच्या दोन भागांना, मात्र तालाचे पूर्ण आवर्तन एकाच ओळीत हवे.

छोटा ख्याल पुष्कळदा खालीपासून, नवव्या मात्रेपासून उठतो. मग ओळीतले विभाग ०, ३, फुली, २ असे येतात आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पडते ओळीच्या मध्याच्या किंचित उजवीकडे. वाजवणाऱ्याची नजर सतत तिथे परत येते. त्या एका स्तंभामागे मी दहा टक्के राखाडी छटा वरपासून खालपर्यंत ओढते. एकदा ही छटा दिली की मुलांना मात्रा मोजाव्या लागत नाहीत.

स्थायी आणि अंतरा समोरासमोरच्या पानांवर आले पाहिजेत. मधे पान उलटावे लागले की हात पट्टीवरून सुटतो आणि ठेका निघून जातो. यासाठी मी आख्खा लेख दोन पाने मागे-पुढे सरकवला आहे आणि संपादकांशी भांडलेही आहे.

चिन्हांची यादी त्याच जोडपानावर द्या, अंकाच्या शेवटी नको. कारण स्वर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत: भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब तार म्हणजे वरच्या सप्तकाचे आणि पलुस्कर पद्धतीत तेच मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाचे. समेला एकीत फुली, दुसरीत १. दोन्ही पद्धतींत शिकलेले वाचक तुमच्याकडे असणार.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. एका अंकात मी त्या रेघा पाव पॉइंटाच्या काढल्या. पडद्यावर सुंदर दिसत होत्या. छपाईच्या प्लेटवर बहुतेक उडाल्या आणि मी छपाईआधी प्रूफ कागदावर बघितलेच नव्हते. बंदिश भैरव रागाची. कोमल रे आणि कोमल ध या दोन रेघा गेल्या की भैरवचे सगळे स्वर शुद्ध होतात, म्हणजे बिलावल या दुसऱ्याच रागाचे होतात. साताऱ्याच्या एका वृद्ध शिक्षकांचा फोन आला. ते रागावले नव्हते. म्हणाले, “बाई, वर्गातल्या मुलांनी आठवडाभर तसंच बसवलं, आता ते गळ्यातून काढायला मला महिना लागेल.” तेव्हापासून कोमलची रेघ अर्ध्या पॉइंटापेक्षा बारीक नाही, ओळीला बावीसची जागा, म्हणजे मंद्राचे टिंब आणि खालच्या ओळीतले शब्द एकमेकांना चिकटत नाहीत. आणि जुन्या फाँटातली फाइल युनिकोडमध्ये आणली तर नोटेशन पुन्हा हाताने लावते, रूपांतरावर सोडत नाही.

फोटो आणि त्याखालची ओळ

जुन्या कृष्णधवल फोटोंना रंग देऊ नका आणि गायकाला कापून पांढऱ्यावर चिकटवू नका. मागचा लाकडी खांब, पानाचा डबा, बैठकीवरची चुरगळलेली चादर यांतूनच वाचक ती मैफल कुठली असेल ते ताडतो. फोटोखालच्या ओळीत सगळ्यांची नावे द्या: तबला, पेटी, आणि मागे तानपुऱ्यावर बसलेले शिष्यसुद्धा, डावीकडून क्रमाने. ही ओळ दहा पॉइंटाखाली उतरवू नका. मैफलीच्या टेबलाशी जी माणसे एकदम पाच प्रती घेतात ती बहुतेक त्या तानपुऱ्यावरच्या मुलीच्या घरची असतात, आणि पुढच्या वर्षी तीच वर्गणीदार होतात.

लेखात उल्लेखलेले ध्वनिमुद्रण ऐकवायचे असेल तर क्यूआर कोड शीर्षकाजवळ ठेवा, निदान दोन सेंटिमीटरचा, भोवती पांढरी जागा सोडून, पानाच्या घडीपासून लांब. वाचक आधी ऐकून मग वाचायला बसतो. लेखाच्या शेवटी कोड दिला तर त्याला तो हवा तेव्हा सापडत नाही.

प्लेटला पाठवण्याआधी एक दिवस राखून ठेवा. सगळी पाने खऱ्या आकारात छापा, त्याच जातीच्या कागदावर, मध्ये पिन मारून डमी करा. मी ती डमी शेजारच्या गायनवर्गात नेते, प्रवेशिकेतल्या एखाद्या मुलाच्या पेटीवर नोटेशनचे पान उघडून ठेवते आणि काही न सांगता मागे बसते. तो जिथे अडखळतो, मान पुढे काढतो किंवा पान सरळ करायला हात सोडतो, तिथे पेन्सिलने खूण करून घरी येते आणि रात्री तेवढी पाने परत लावते.