छोट्या हेलिकॉप्टरने अरबी समुद्र ओलांडताना: गोवा ते आगत्ती प्रवासाचे नियोजन

मोपाहून लक्षद्वीपमधील आगत्तीपर्यंत नकाशावर पट्टी ठेवली की सुमारे ३१० सागरी मैलांची, म्हणजे जवळपास ५७५ किलोमीटरांची एक सरळ रेषा मिळते. रॉबिन्सन आर-४४ या चार आसनी पिस्टन हेलिकॉप्टरचा पल्ला, राखीव इंधन हिशेबात न धरता, साधारण ३०० सागरी मैलांचा असतो. तेव्हा ही रेषा पहिल्या दिवशीच खोडून टाकावी. केबिनमध्ये जादा टाकी बसवून तोच मार्ग धरण्याची कल्पना अनेकांना सुचते. मात्र त्या टाकीला मंजुरी लागते, तिचे वजन वाहावे लागते आणि एवढे करूनही वाटेतला सगळा भाग उघड्या पाण्याचाच राहतो.

छोट्या हेलिकॉप्टरांनी महासागर ओलांडले आहेत ते शक्य तिथे टप्पे जोडून. उत्तर अटलांटिकचा मार्ग स्कॉटलंड, फॅरो बेटे, आइसलँड, ग्रीनलँड आणि कॅनडा असा पायऱ्यापायऱ्यांनी जातो, आणि त्यातही रेक्याविक ते कुलुसुक हा टप्पा सुमारे ४०० सागरी मैलांचा आहे. १९८२ मध्ये रॉस पेरो ज्युनियर आणि जे कोबर्न यांनी बेल लाँगरेंजरमधून पहिली हेलिकॉप्टर जगप्रदक्षिणा केली, तेव्हा उत्तर पॅसिफिकमध्ये सोयीचे बेट नसल्याने त्यांना इंधनासाठी चालत्या मालवाहू जहाजावर उतरावे लागले. आपल्याकडे मात्र पायऱ्या आयत्या आहेत; त्या नीट पाहण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

मार्गाची निवड

मोपाहून किनाऱ्याने मंगळूरूपर्यंत सुमारे १७५ सागरी मैल होतात आणि मंगळूरू ते आगत्ती हे अंतर सुमारे २०५ सागरी मैल आहे. कोचीहून आगत्तीला जाणारा विमानमार्ग सर्वांच्या ओळखीचा असला, तरी तो २५० मैलांच्या आसपास भरतो. मंगळूरूच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्या नियोजनाचा कणा तीच आहे. मंगळूरूच्या बाजपे विमानतळापासून आगत्तीच्या दिशेने, म्हणजे साधारण २३१ अंशांवर, रेषा ओढली तर सुमारे १४२ मैलांवर किल्तान बेट जवळजवळ त्या रेषेवरच येते; पुढे १६२ मैलांवर कदमत आणि १६८ मैलांवर अमिनी ही बेटेही रेषेला लागूनच आहेत. म्हणजे २०५ मैलांच्या टप्प्यात खरा उघडा समुद्र १४० मैलांचाच उरतो. विमानाला या बेटांचा उपयोग नाही, कारण लक्षद्वीपमधील धावपट्टी एकट्या आगत्तीला आहे. हेलिकॉप्टरला मात्र मोकळे मैदान पुरते. आणीबाणीत तिथे उतरता यावे यासाठी लक्षद्वीप प्रशासनाशी आधीच लेखी बोलणे करून ठेवावे.

मोपा ते मंगळूरू हा किनारी टप्पा निव्वळ पोहोचण्यासाठी उडू नये. गोकर्ण, नेत्राणी बेट आणि मालपेसमोरील सेंट मेरी बेटे या ओळखीच्या खुणांवर होकायंत्र आणि दोन्ही जीपीएस पडताळून पाहावेत. शिवाय मंगळूरूला उतरल्यावर टाकीत मापकाठी घालून तासाला प्रत्यक्ष किती इंधन जळाले ते काढावे. पुस्तकातला आकडा आणि आपल्या यंत्राचा आकडा एकच असेल असे मानून समुद्रावर जाणे योग्य नाही.

इंधन, वारा आणि घड्याळ

आर-४४ रेव्हन-२ च्या दोन्ही टाक्यांत मिळून वापरण्याजोगे इंधन सुमारे १७६ लिटर असते आणि तासाला साधारण ५८ लिटर जळते. म्हणजे हवेत राहण्याचा काळ तीन तास. त्यातला अर्धा तास राखीव म्हणून बाजूला काढला की हाताशी अडीच तास उरतात. हवेतील वेग १०५ नॉट (म्हणजे ताशी १०५ सागरी मैल) धरून समोरून १५ नॉट वारा आहे असे समजू. तर जाताना जमिनीवरचा वेग, म्हणजे वारा हिशेबात धरून प्रत्यक्ष पुढे सरकण्याचा वेग, ९० नॉट आणि परत फिरल्यास १२० नॉट. आगत्ती गाठायला दोन तास सोळा मिनिटे लागतात, म्हणजे अडीच तासांत प्रवास कसाबसा बसतो.

यापुढे दोन बिंदू काढायचे असतात आणि नवखे लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला बिंदू इंधनाचा: ज्याच्या पुढे गेल्यावर मंगळूरूला परतणे शक्य नाही. उपलब्ध काळाला परतीच्या वेगाने गुणून जाण्याच्या आणि परतीच्या वेगांच्या बेरजेने भागले की तो मिळतो. २.५ गुणिले १२०, भागिले २१०, म्हणजे १.४३ तास, अर्थात एक तास सव्वीस मिनिटे आणि सुमारे १२९ मैल. दुसरा बिंदू वेळेचा: जिथून पुढचे आणि मागचे उतरण्याचे ठिकाण सारख्याच वेळेवर असते. तो इंधनावर अवलंबून नसतो. अंतराला परतीच्या वेगाने गुणून त्याच २१० ने भागायचे. पुढचे ठिकाण आगत्ती धरले तर हा बिंदू ११७ मैलांवर येतो, पण किल्तान धरले तर तो ८१ मैलांवर, म्हणजे उड्डाणानंतर ५४ व्या मिनिटाला येतो. इंजिनात कंप जाणवला किंवा तेलाचा दाब घसरू लागला, तर या ५४ मिनिटांच्या आत मागे फिरायचे आणि त्यानंतर पुढे जायचे.

आठ वाजता निघाल्यास ८.५४ आणि ९.२६ या दोन वेळा मांडीवरच्या पाटीवर जाड पेन्सिलीने लिहाव्यात. हवेत बसून हा हिशेब करणारा माणूस स्वतःला सोयीचे उत्तर काढतो. ९.२६ पर्यंत १२९ मैल झाले नसतील, तर वारा अंदाजापेक्षा जोरकस आहे असे समजावे आणि किल्तानला उतरून इंधन मोजावे. खरे तर प्रत्येक पंधरा मिनिटांनी जमिनीवरचा वेग लिहून ठेवावा, म्हणजे ही शंका खूप आधीच लक्षात येते.

आगत्तीला इंधन मिळेल असे गृहीत धरू नये. १७६ लिटरमध्ये जाऊन-येऊन प्रवास होतच नाही, त्यामुळे परतीचे इंधन बेटावर पोहोचल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय मंगळूरू सोडू नये. पिस्टन इंजिनाला लागणारे एव्हगॅस, म्हणजे विमानांचे पेट्रोल, भारतात मोजक्याच ठिकाणी मिळते. टर्बाइन असलेल्या आर-६६ ला विमानतळावरचे एटीएफ, म्हणजे जेट विमानांचे इंधन, चालते, आणि ज्यांना निवडीची मुभा आहे त्यांनी या एका कारणासाठीसुद्धा टर्बाइन घ्यावे. मंगळूरूच्या जुन्या बंदरातून लक्षद्वीपला माल नेणारी जहाजे जातात, पण ज्वालाग्राही पिंप पाठवायचे तर त्याची परवानगी वेगळी काढावी लागते. बेटावरच्या पिंपातून इंधन घेताना पिंप किंचित तिरपे ठेवावे, तळाशी पाणी ओळखणारी पेस्ट लावलेली काठी उतरवावी आणि पेस्टचा रंग बदलला तर त्या पिंपाला हात लावू नये. दमट हवेत अर्धवट भरलेल्या पिंपात पाणी धरतेच.

वजनाबद्दल थोडक्यात: आर-४४ रेव्हन-२ चे कमाल वजन ११३४ किलो, पाण्यावर तरंगवणारे फुगणारे फ्लोट बसवलेल्या यंत्राचे रिकामे वजन सातशे किलोंच्या आसपास आणि पूर्ण इंधन १२७ किलो. उरलेल्या तीनशे किलोंत दोन माणसे, राफ्ट (फुगवता येणारा तराफा), पाणी आणि अवजारे बसतात. चार माणसे आणि हे सगळे सामान मात्र बसत नाही.

पाण्यावर उतरावे लागले तर

इंजिन बंद पडल्यावर आर-४४ ऑटोरोटेशनमध्ये, म्हणजे खालून येणाऱ्या हवेने फिरत्या राहिलेल्या रोटरवर उतरताना, दर १३०० फूट उंचीमागे साधारण एक सागरी मैल पुढे सरकते. तीन हजार फुटांवरून सव्वादोन मैल. एवढ्याने किनारा मिळत नाही, पण रेडिओवरून मे-डे ही संकटाची हाक देण्यास, दिशा वाऱ्याकडे वळवण्यास आणि फ्लोट फुगवण्यास वेळ मिळतो. म्हणून समुद्रावर पाचशे फुटांवरून उडण्याची हौस टाळावी. आर-४४ चे फ्लोट ८० नॉटच्या आत फुगवायचे असतात आणि त्यांचा सुरक्षा-खटका किनारा सोडण्यापूर्वीच उघडून ठेवायचा असतो.

इंजिन, गिअरबॉक्स आणि रोटर वरच्या बाजूला असल्याने हेलिकॉप्टर पाण्यात पटकन उलटे होते, आणि फ्लोट असले तरी मोठ्या लाटेत ते सरळ राहीलच असे नाही. त्यामुळे सर्वांनी, प्रवाशांनीसुद्धा, पाण्याखालून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे. पाणी शिरत असताना एक हात दाराच्या चौकटीवर ठेवायचा, रोटर थांबेपर्यंत आणि यंत्र स्थिर होईपर्यंत पट्टा सोडायचा नाही आणि लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचे. आत फुगवलेले जॅकेट माणसाला छताला चिकटवून ठेवते. राफ्ट मागच्या सीटवर सामानाखाली ठेवू नये. ती सहवैमानिकाच्या मांडीशी, दोरी हाताला लागेल अशी असावी, कारण सोबत घेऊन बाहेर पडता आली नाही तर ती असून नसल्यासारखीच आहे. अरबी समुद्राचे पाणी उबदार असते, त्यामुळे अटलांटिकसारखा रबरी पोशाख लागत नाही. इथला त्रास ऊन आणि तहान यांचा आहे. लांब बाह्यांचे कपडे, टोपी आणि पिण्याचे पाणी राफ्टच्याच पिशवीत बांधलेले असावे.

उपग्रहाला संकटाचा संकेत पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन अंगावर असावा, यंत्राला चिकटवलेला नव्हे. २००९ पासून उपग्रह १२१.५ मेगाहर्ट्झ ऐकत नाहीत, त्यामुळे जुना बीकन केवळ जवळून जाणाऱ्या विमानाला ऐकू येतो. नव्या बीकनची नोंदणी इस्रोच्या बंगळूरू येथील केंद्राकडे करावी लागते. नोंदणी नसल्यास संकेत आला तरी तो कोणाचा हे शोधण्यात वेळ जातो. सॅटेलाइट फोनची गोष्ट निराळी आहे. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो भारतात बाळगणे गुन्हा आहे आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना अशा उपकरणांवरून ताब्यात घेतले गेले आहे. परवानगी मिळाली तर फोन जरूर न्यावा, कारण तीन हजार फुटांवरून व्हीएचएफ रेडिओ साठ-सत्तर मैलांपर्यंतच पोहोचतो आणि मधल्या पट्ट्यात कोणीच ऐकत नसते. जहाजांचा चॅनेल १६ असलेला छोटा मरीन रेडिओही घ्यावा. राफ्टमध्ये बसलेल्या माणसाला सर्वांत आधी दिसण्याची शक्यता असते ती एखाद्या ट्रॉलरची. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पणजीत बसून वेळ पाहणाऱ्या आपल्या माणसाकडे लिहिलेला असावा आणि ठरल्या वेळेनंतर किती मिनिटांनी तो फिरवायचा, हेही त्याला सांगून ठेवलेले असावे.

हंगाम आणि कागदपत्रे

डिसेंबर ते मार्च हाच काळ धरावा. मान्सूनमध्ये हवा तर वाईट असतेच, शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीबंदीमुळे मदतीला येऊ शकणाऱ्या यांत्रिक होड्याही समुद्रात नसतात. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने आहेत, आणि डिसेंबरच्या आरंभालाही डोळे झाकून विश्वास ठेवू नये: २०१७ मधील ओखी चक्रीवादळ डिसेंबरच्या पहिल्याच दिवसांत लक्षद्वीपवरून गेले होते. फेब्रुवारीत आकाश निरभ्र असले तरी धुरकटपणामुळे पाणी आणि आकाश यांची सीमा पुसली जाते, आणि उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या वैमानिकाला यंत्र कलते आहे हे कळत नाही. क्षितिज दिसत नसेल तर त्या दिवशी निघू नये. किल्तान हे जेमतेम साडेतीन किलोमीटर लांबीचे सपाट बेट आहे. दिशेत पाच अंशांची चूक झाली तर १४२ मैलांनंतर आपण त्यापासून बारा मैल बाजूला असतो.

भारतात व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर पाहून केलेल्या, उड्डाणाला नियंत्रित हवाई क्षेत्रात किनाऱ्यापासून १०० सागरी मैलांपलीकडे एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) विशेष अनुमतीशिवाय जाता येत नाही. आर-४४ आयएफआरसाठी, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्यासाठी, प्रमाणित नाही, त्यामुळे ही अनुमती हाती येण्याआधी बाकीचा खर्च करू नये. फ्लाइट प्लॅनसोबत एअर डिफेन्स क्लिअरन्सचा (हवाई संरक्षण यंत्रणेच्या परवानगीचा) क्रमांक लागतो, आणि लक्षद्वीपमध्ये पाऊल ठेवायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. दाबोळी हा नौदलाचा तळ असून सकाळच्या वेळात तिथे नागरी उड्डाणांवर मर्यादा असतात. लवकर निघण्यासाठी मोपा सोयीचे पडते. कारवारचा नौदल तळ आणि कैगा अणुवीज केंद्र यांच्या आसपासची निर्बंधित क्षेत्रे ताज्या नकाशावर पाहूनच किनारी मार्ग आखावा.

परतीला हेच गणित पुन्हा करायचे असते, फक्त जाताना समोरचा वारा आपण गृहीत धरला होता, हिवाळ्यातला ईशान्य वारा परतीला खरोखरच समोरून येतो. आगत्ती ते किल्तान ६२ मैलांना ९० नॉटने एक्केचाळीस मिनिटे लागतात आणि पुढच्या १४२ मैलांना पंचाण्णव. त्यात राखीव अर्धा तास मिळवला की १२५ मिनिटांचे, म्हणजे सुमारे १२१ लिटर इंधन किल्तानवरून जाताना टाकीत असले पाहिजे. त्याहून कमी असेल तर तिथेच उतरायचे. मंगळूरूला उतरताच फ्लाइट प्लॅन बंद केल्याचे कळवावे, नाहीतर शोध सुरू होतो; आणि त्याच संध्याकाळी रोटरची पाती, शेपटीची नळी व इंजिनाचा बाहेरचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा, कारण रात्रभर राहिलेले मीठ सकाळपर्यंत सांध्यांत उतरलेले असते.