विळी-सुरीला नवं रूप देताय? मग या चुका टाळा

विळी, सुरी, कोयता, खवणी. पिढ्यान्‌पिढ्या हाच माल विकणाऱ्या मुंबईतल्या घरांतली तरुण मुलं आता इन्स्टाग्रामवर उतरली आहेत. रंगीत मुठी, पात्यावर नाव, लग्नाच्या आहेरासाठी मखमली डबा. (आहेरात धारदार वस्तू द्यावी का, हे आधी घरातल्या आजीला विचारून घ्या. तो वाद इथे नको.) गिऱ्हाईक आहे, पैसेही मिळतात. पण बहुतेकांचं काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी डबा ठरतो, मग नाव, मग मूठ, आणि पातं हाताला लागेल ते. दिवाळीत हातोहात गेलेला माल मग पहिल्या पावसात तक्रारी घेऊन परत येतो. त्या तक्रारी जवळपास ठरलेल्याच असतात.

"दोन दिवसांत बोथट झाली"

पहिला संशय पत्र्यावर घ्या. मुंबईत दारूखाना या जहाजांच्या भंगाराच्या बाजारात जाड पत्रा स्वस्त मिळतो, म्हणून त्याचीच पाती कापली जातात. जहाजाचा पत्रा हे साधं मऊ पोलाद असतं, त्यात कार्बन साधारण ०.२ टक्क्यांच्या आसपास. असा पत्रा कितीही लालभडक करून बुडवा, धार टिकण्याइतका कडक तो होणारच नाही. ट्रकच्या कमानीचा पाटा त्याहून कितीतरी बरा, कारण त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असतो. पण पाटा वाकून परत सरळ व्हावा अशा बेताने कारखान्यात तयार केलेला असतो. नुसता कापून, घासून धार लावली तर ती लवकर बोथट होते. त्याला नव्याने पाणी द्यावं लागतं, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून कडक करावं लागतं.

नाव पाणी असलं तरी बुडवायचं ते तेलात. साध्या पाण्यात बुडवलं तर असं पोलाद तडकू शकतं. बुडवताना टिंग असा बारीक आवाज आला तर ते पातं बाजूला ठेवा, चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो. तेलातून निघालेलं पातं कडक असतं पण ठिसूळही असतं, हातातून फरशीवर पडलं तर तुकडा उडेल. म्हणून लगेच २०० अंश सेल्सिअसच्या आसपास दोनेक तास शेकायचं. घरच्या ओटीजीत हे सहज जमतं, फक्त पातं आधी तेलाचा थेंब राहणार नाही इतकं पुसून घ्या.

काम झालं की नाही हे कानसच सांगते. पाणी दिल्यावर धारेवरून जुनी कानस हलकी फिरवा. घसरली तर पातं कडक झालं, चावली तर मऊच राहिलं. शेकल्यावर कानस थोडी पकडते, ते ठीक आहे. ही चाचणी फुकट आहे, तरी ती न करता माल डब्यात भरणारे लोक आहेत.

पत्रा चांगला असूनही धार बसते, तेव्हा दोष ग्राइंडरवर असतो. घासताना धारेपाशी निळी झाक आली, म्हणजे तिथलं तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं. दिलेलं पाणी तेवढ्या जागेपुरतं उतरलं. बरेच जण ती झाक बफवर पॉलिश करून घालवतात. रंग जातो, मऊपणा राहतो, आणि सुरीचा नेमका मधला इंचभर भाग टोमॅटोवर घसरतो. निळा झालेला भाग घासून काढून टाकणं किंवा पुन्हा पाणी देणं, एवढेच दोन उपाय. चाकावर एकदा टेकवलं की पाण्यात बुडवायचं, पुन्हा टेकवायचं. पातं उघड्या बोटांनी धरा, चटका बसण्याआधी थांबाल. हातमोजे घातलेल्याला कळतच नाही. अँगल ग्राइंडरने धार काढणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे.

स्टेनलेस म्हणजे बिनधारी?

जुन्या गिऱ्हाइकांचं हे मत पक्कं असतं, आणि त्याला कारणही आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारं पोलाद बनवलं, तेव्हा तिथल्या सुरीवाल्यांनीही त्यांची "न कापणाऱ्या सुऱ्या करणारा" म्हणून टर उडवली होती. नव्या पोलादाला पाणी कसं द्यायचं हे त्या सुरीवाल्यांच्या हातात बसलेलं नव्हतं. आज तसं राहिलेलं नाही. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, पण धार किती टिकणार हे कार्बन आणि पाणी ठरवतात. ४२० नावाच्या स्वस्त ग्रेडमध्ये कार्बन कमी असतो. ४४०सी मध्ये तो ०.९५ ते १.२ टक्के असतो. "एसएस आहे शेठ, एकदम हेवी" या उत्तरावर समाधान मानू नका. ग्रेड विचारा आणि रॉकवेल कडकपणाचा आकडा विचारा.

आकडा मोठा म्हणजे माल भारी, हेही खरं नाही. जपानी सुऱ्या ६० च्या पुढे जातात, जर्मन साधारण ५५ ते ५८ मध्ये असतात. आपल्याकडे सुरी शेवटी सायकलवरच्या धारवाल्याकडेच जाते. त्याच्या चाकावर ६२ च्या पात्याचे टवके उडतात. मुंबईच्या घरासाठी मी ५५ ते ५७ वर थांबेन. जरा लवकर बोथट होईल, पण कोणालाही धार लावता येईल.

"काळी पडली, पैसे परत द्या"

लोखंडी विळीवर केळफूल, कच्ची केळी, कैरी चिरली की पातं काळं पडतं. आजीच्या पिढीला हे माहीत होतं. ऑनलाइन मागवणाऱ्या मुलीला माहीत नसतं, आणि ती चुकीची नाही, तिला कोणी सांगितलंच नाही. करडा, निळसर, काळपट थर बसला तर बसू द्यावा. तो पात्याला थोडाफार सांभाळतो. तांबूस, बोटाला लागणारा गंज मात्र लगेच काढायचा. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत ओली सुरी रात्रभर सिंकमध्ये राहिली तर सकाळी तांबूस ठिपके ठरलेले.

यावर दुकानदाराने करायच्या दोनच गोष्टी. एक, माल पाठवण्याआधी पातं व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून तो करडा थर स्वतःच बसवायचा. मग सुरी पहिल्या दिवसापासून जुनी, मुरलेली दिसते. गंमत म्हणजे हल्ली त्याच रूपाला जास्त भाव मिळतो. दोन, डब्यात मराठीत चार ओळींची चिठ्ठी: धुतल्यावर लगेच पुसा, आठवड्याला तेलाचं बोट फिरवा, आंबट पदार्थ लागला तर तसंच ठेवू नका, डिशवॉशरमध्ये घालू नका.

मुठीचं लाकूड

रे रोडच्या वखारीतून पावसाळ्यात आणलेलं लाकूड तसंच वापरलं तर हिवाळ्यात ते आकसतं, रिव्हेट वर येतात आणि मूठ खुळखुळते. लाकूड महिनाभर तरी घरात, पंख्याखाली सुकू द्या. शिसम आणि बाभूळ दणकट. जवसाचं तेल पाजलं तर पाणी कमी शिरतं, पण तेल पूर्ण वाळायला कित्येक दिवस लागतात आणि घाईत पाठवलेली मूठ चिकट लागते. त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

फुलं अडकवलेल्या रेझिनच्या मुठी फोटोत सुंदर दिसतात. मासळी साफ करताना हात तेलकट, ओला असतो आणि ती चकचकीत मूठ हातात फिरते. फिकट रेझिनला हळदीचा डाग बसतो तो वेगळाच. रेझिनच करायचं असेल तर शेवटचं पॉलिश टाळा, खरखरीत राहू द्या.

विळी ओट्यावर चढवताना

इथे जरा थांबू, कारण नवेपणाच्या नावाखाली सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जमिनीवरच्या विळीचं अर्धं काम पाय करतो. पाटावर पाय दाबून बसलं की अंगाचं वजन विळी धरून ठेवतं, आणि दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. तुम्ही भाजी पात्यावर ढकलता, म्हणजे जोर पुढे जातो. ओट्यावर ठेवल्यावर पाय गेला, जोर तसाच राहिला. विळी पुढे सरकते किंवा कलंडते.

यावर लोक खाली रबरी चूषक लावतात. गुळगुळीत, कोरड्या ग्रॅनाइटवर ते धरतात. जुन्या चाळीतल्या खडबडीत कडाप्प्यावर धरत नाहीत, आणि तेलाचा पातळ थर असेल तर ग्रॅनाइटवरही सरकतात. धार पुढे आणि आधार सुटलेला, ही वेळ बोटांवर येते. ओट्याच्या कडेला खालून आवळायचा स्क्रूचा शिकंजाच हवा. मापात पुन्हा चूक होते. ग्रॅनाइटची लादी १८-२० मिलिमीटरची धरून शिकंजा बनवतात, पण कडेला बहुतेक घरांत दुहेरी पट्टी असते. जबडा ६० मिलिमीटरपर्यंत उघडला पाहिजे.

दुसरं म्हणजे उंची. ओटा आधीच कमरेच्या वर, त्यावर सात-आठ इंचांचं पातं उभं केलं की कोपर खांद्याकडे जातो. दोन जुड्या मेथी चिरेपर्यंत मान धरते. ओट्यासाठीचं पातं बुटकं करा. खवणीचा दातेरी गोल पाटाच्या पुढे लोंबत असेल, तर नारळ दाबताच सगळं पुढे उलटणार. पाट त्या गोलाच्या खालपर्यंत न्यायला हवा.

घडीच्या विळीत खिळा ढिला होतो आणि पातं हातावर मिटतं. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातला ओपिनेल चाकू १८९० पासून चालत आलेला, लाकडी मूठ आणि घडीचं पातं. १९५५ साली त्यात पातं अडकवणारी एक फिरती कडी आली, आणि बाकी रूप जवळपास तसंच ठेवलं. बदल करायचा तर असा. आपल्या घडीच्या विळीला उघडल्यावर अडकणारी खीळ नसेल, तर ती विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकच सुरी सगळ्याला

"मल्टिपर्पज" हा शब्द डब्यावर छापण्याआधी मासळीबाजारात तासभर उभे राहा. सुरमईच्या तुकड्या करायला कोळीण जाड पाठीचा कोयता लाकडी ठोकळ्यावर चालवते, आणि बोंबील साफ करायला दुसरंच हत्यार घेते. पातळ भाजीच्या सुरीला दर बाजूला १५ अंशांची धार चालते. तीच सुरमईच्या डोक्यावर घातली तर टवका उडालाच. हाडाच्या, सुरणाच्या, फणसाच्या कामाला २० ते २५ अंश ठेवा आणि पाठ जाड राहू द्या. कोयत्याला सुरीसारखी पातळ धार देऊन "प्रीमियम" म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

डावखुऱ्यांसाठी वेगळा माल लागतोच असं नाही. धार दोन्ही बाजूंनी सारखी असली की झालं. जपानी पद्धतीची एका बाजूची धार देत असाल तर ऑर्डर घेताना हात विचारा.

नाव घालताना

भांड्यावर नाव घालायची आपली जुनी हौस, त्यामुळे सुरीवरही मागणी येणारच. टकटक करणाऱ्या मशिनने धारेजवळ नाव घालू नका, पाठीकडे घाला. स्टेनलेसवर लेसर फार तापवला तर वरचा न गंजणारा थर तिथे बिघडतो आणि गंज अक्षरांपासूनच सुरू होतो. अक्षरं उथळ ठेवा, खोल खाचेत कांदा-लसूण अडकतो. आणि देवनागरीची जुनी डोकेदुखी: लेसरवाल्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की "श्रद्धा"मधला "द्ध" फुटतो, "ऊर्मिला"चा रफार भलतीकडे जाऊन बसतो. मजकूर चित्रात बदलून पाठवा आणि पात्यावर जाण्याआधी गिऱ्हाइकाकडून फोटोवर होकार घ्या.

पाठवण्याआधी

कोयत्याचं नाव हल्ली बातम्यांत भाजी-मासळीसाठी येत नाही, म्हणून जाहिरातीत कोयता हातात उगारलेले फोटो टाकू नका. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तेव्हा बिलावर "स्वयंपाकघरातील सुरी" असं स्वच्छ लिहा आणि शोभेच्या तलवारींचा धंदा याच दुकानात मिसळू नका. विमानाने जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगा, सुरी हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात ठेवायची. टोकाला बुचाचा तुकडा खोचा, धारेवर जाड पुठ्ठ्याची खोळ चढवा आणि मग डब्यात घाला. नुसत्या बबल रॅपमधून टोक बाहेर येतं, आणि ते आधी कुरिअरवाल्याच्या हाताला लागतं.