फाट्यावर एक माणूस सोडा

१५-२० बाईक पुण्याहून ताम्हिणी घाटाने निघाल्या की मुळशीपर्यंत सगळे एकत्र असतात. पुढे विळ्याच्या फाट्यावर चुकामूक होऊन निम्मे कोलाडकडे वळतात, निम्मे निजामपूरकडे. घाटात रेंज नाही, म्हणून मागचे पुढच्यांना गाठायला गाडी पिळतात आणि तिथेच पडतात.

आम्ही आता असं करतो:

१. सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात शेवटचा कोण, ते निघतानाच ठरवायचं. शेवटच्याला भडक नारिंगी जॅकेट. त्याने कोणालाच ओलांडायचं नाही, म्हणजे त्याच्या मागे कोणी उरणार नाही.

२. फाटा आला की पुढचा हाताने जागा दाखवतो. त्याच्या लगेच मागचा तिथे थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवतो.

३. नारिंगी जॅकेट दिसलं की थांबलेला त्याच्या पुढे रांगेत लागतो. पुढच्या फाट्यावर आपोआप दुसऱ्याची पाळी.

कोणी पंक्चर झाला तर शेवटचा त्याच्याजवळ थांबतो, त्यामुळे फाट्यावरचाही हलत नाही. पुढच्याला थोड्या वेळात कळतंच की काहीतरी झालंय. डोकी मोजत बसायला नको.

थांबायचं ते डांबर सोडून, लांबून दिसेल अशा जागी. ऐन वळणात मुळीच नाही, एसटी वळण कापत येते. आणि चहाची कितीही तलफ आली तरी जागा सोडायची नाही. आमचा एक पठ्ठ्या टपरीवर गेला आणि मागचे सात जण थेट कोलाडला पोचले.