गावच्या कला प्रकल्पाचं बोधचिन्ह करताय? या चुका टाळा

गावात दशावताराचं शिबिर ठरतं, लोककलेचा महोत्सव ठरतो, नाहीतर मुलांसाठी चित्रशाळा सुरू होते. बोधचिन्हाची आठवण मात्र पत्रिका छापायला द्यायच्या आदल्या दिवशी होते. मग हाताला लागेल ते चित्र चिकटवतात, आणि हाताला हमखास लागते ती वारली.

ही सगळ्यात मोठी चूक. वारली चित्रकला पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यातली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक आणि त्यातली पालघट देवी हा तिथल्या लग्नविधीचा भाग आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही कला दूरवर पोचली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण म्हणून ती ‘ग्रामीण’ या शब्दाचं सरसकट चिन्ह होत नाही. सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तारपा या वाद्याभोवती नाचणारी वारली माणसं कशाला? कुडाळला लागूनच पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. टपोऱ्या डोळ्यांच्या, ठसठशीत दागिन्यांच्या त्या आकृत्या, एकमेकांना पाठीला पाठ लावून चिकटवलेली चित्रं, ती एकेक पुढे करत गाऊन सांगितलेली कथा. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. तिथे जाऊन तासभर नुसती रेषा पाहिली तरी कामाची दिशा बदलते.

मात्र पाहणं वेगळं आणि उचलणं वेगळं. जुन्या पोथीतल्या चित्राचा फोटो काढून त्यातलं मुंडकं कापून लोगो करू नका. कलाकारालाच सोबत घ्या, मानधन आधी ठरवा आणि चित्र कुठे कुठे वापरणार ते कागदावर लिहून द्या. पिशवीवर चालेल, पायपुसण्यावर चालणार नाही, हे तेच सांगतील. देवतेचं चित्र असेल तर हे विचारणं टाळूच नका.

स्क्रीनवर सुंदर, शिक्क्यावर चिखल

गावातल्या मंडळाचं बोधचिन्ह कुठे कुठे लागतं? पावती पुस्तकावर, रबरी शिक्क्यावर, झेरॉक्स काढलेल्या अर्जावर, व्हॉट्सअॅप ग्रुपच्या गोल डीपीत आणि शाळेच्या भिंतीवर. म्हणून मान्यता देण्याआधी ते अडीच सेंटिमीटरचं, फक्त काळ्या रंगात छापा आणि त्या कागदाची झेरॉक्स काढा. दागिन्यांचे ठिपके एकमेकांत मिसळले किंवा नावातला अनुस्वार शिरोरेषेला चिकटला, तर रेष जाड करून भागत नाही, तपशील कमी करावे लागतात. पाच ठिपक्यांचे दोन करा, आकृत्या दोन असतील तर एकच ठेवा.

भिंतीसाठी पेंटरला मोबाइलवरचं चित्र दाखवू नका. चौकटी आखलेला मोठा कागद द्या, प्रमाण चुकणार नाही.

अक्षरं तुटली तर

‘विद्यार्थ्यांच्या’, ‘शेतकऱ्यांचा’ असे शब्द फ्लेक्सवर फुटलेले आपण रोज पाहतो. बहुतेक वेळा कारण एकच: मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला आणि प्रेसवाल्याकडे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, किंवा तो फॉन्टच नाही. छपाईला देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट नसला तरी तशीच दिसतील अशा आकृत्यांत बदलून द्या, सोबत पीडीएफ द्या, आणि पीडीएफवरूनच शेवटचं प्रूफ वाचा. मुक्ता किंवा बालूसारखा मोफत परवान्याचा फॉन्ट घेतलात तर तालुक्याचा प्रेसवालाही तो घालून घेऊ शकतो. फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, तेही पाहा. हिंदी वळणाची अक्षरं मराठी डोळ्याला लगेच खटकतात.

रंगाचं थोडक्यात: मोबाइलवरचा गेरू फ्लेक्सवर तसाच उतरेल असं धरू नका. हातभर तुकडा छापून उन्हात बघा आणि पसंत पडलेल्या रंगाचे आकडे (कोणती शाई किती टक्के) लिहून ठेवा.

आणि मूळ फाइल मंडळाकडे द्या. डिझायनर शहरात आणि फाइल त्याच्या लॅपटॉपवर, असं झालं की पुढच्या वर्षी कुणीतरी जुन्या पत्रिकेचा फोटो काढून तोच फ्लेक्सवर ताणतो. एक पेनड्राइव्ह, मंडळाच्या ईमेलवर एक प्रत आणि फॉन्टचं नाव व रंगांचे आकडे लिहिलेला एक कागद दप्तरात, एवढं काम संपवतानाच करून टाका.