स्मरणिकेतले आकडे मराठीत आणा: पँडॉकसाठी छोटा लुआ फिल्टर

इंदूरच्या मराठी मंडळाची गणेशोत्सव स्मरणिका दहा जणांच्या टायपिंगमधून तयार होते. एकाच्या लेखात ‘वर्गणी 501’, दुसऱ्याच्या लेखात ‘वर्गणी ५०१’. वर्डमधलं ‘शोधा आणि बदला’ वापरलं, तर फोन नंबर आणि पिनकोडचे आकडेही सरसकट बदलतात. त्यापेक्षा वर्ड फाइल पँडॉकमधून (फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणारा प्रोग्रॅम) काढताना मध्ये एक फिल्टर, म्हणजे मजकूर वाटेत बदलणारा छोटा प्रोग्रॅम, लावा. लुआ भाषा चालवायची सोय पँडॉकच्या २.० आवृत्तीपासून (२०१७) आतच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

आधी एक तपासा: मजकूर युनिकोडमध्ये आहे ना? कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला असेल तर तो आधी युनिकोड करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया.

साध्या एडिटरमध्ये लुआ एक्स्टेन्शनची (.lua) नवी फाइल उघडा. पहिल्यांदा दहा जोड्यांची टेबल लिहा: डावीकडे इंग्रजी आकडा, उजवीकडे मराठी. डावीकडचा आकडा अवतरण चिन्हांतच हवा. नुसता 5 लिहिला तर लुआ त्याला संख्या समजते, शोध मात्र अक्षराचा चालू असतो. जोडी जुळत नाही, चूकही दाखवली जात नाही आणि आकडा तसाच राहतो.

मग ‘एसटीआर’ (Str) नावाचं फंक्शन, त्यातला फक्त पहिला एस कॅपिटल. पँडॉक मजकुरातल्या प्रत्येक शब्दासाठी याच नावाचं फंक्शन चालवतो. स्पेलिंग चुकलं तर पँडॉक ते फंक्शन गुपचूप सोडून देतो. आत ‘जीसब’ने (gsub, लुआमधलं शोधून बदलणारं फंक्शन) सलग आकड्यांचा गट पकडा (नमुना: टक्क्याचं चिन्ह, डी, अधिक, म्हणजे %d+). गट सहा किंवा जास्त आकड्यांचा असेल तर तसाच परत द्या, नाहीतर टेबलमधून एकेक आकडा बदला. त्यामुळे पिनकोड 452001 वाचतो, आणि स्वल्पविराम दिलेले 1,51,000 मात्र नीट १,५१,००० होतात. शेवटी बदललेला घटक ‘रिटर्न’ करायला विसरू नका. विसरलात तर सगळी मेहनत असून फाइल जशीच्या तशी.

फिल्टर चालवायला टर्मिनलमध्ये आदेश द्या. आदेशात पँडॉक, मूळ फाइल, दोन डॅश देऊन लुआ-फिल्टर (--lua-filter), बरोबरचं चिन्ह आणि फिल्टरचं नाव, मग डॅश ओ (-o) आणि नवी फाइल. मूळ फाइलवरच नवी लिहू नका.

फोन नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहिला असेल तर हा नियम फसतो. पँडॉक शब्द आणि मोकळी जागा वेगवेगळे घटक मानतो, त्यामुळे फंक्शनला एका वेळी एकच तुकडा दिसतो. सोपा उपाय म्हणजे नंबर सलग लिहून घेणं. वेबपत्त्याचा मूळ दुवा सुरक्षित राहतो, पण पानावर दिसणारा पत्ता बदलतो. तो छापायचा असेल तर दुव्यांसाठी वेगळं फंक्शन लिहून वरून खाली फिरणारी पद्धत लावा आणि दुव्याच्या आत उतरणं थांबवा.

क्रमांकित यादीतले १, २, ३ फिल्टरच्या हाती लागत नाहीत, कारण ते मजकुरात नसतातच, वर्ड ते शेवटी घालतो. पानांच्या क्रमांकांचंही तसंच. ते वर्डमध्येच बदला.

काही अनपेक्षित दिसलं तर आउटपुटचा प्रकार ‘नेटिव्ह’ (-t native, पँडॉकची आतली रचना दाखवणारा) देऊन एकच परिच्छेद काढून पाहा. कुठला तुकडा कोणत्या घटकात पडलाय, ते तिथे उघडं दिसतं.