लोकर खरेदी करताना या चुका टाळा (आणि मग माझ्याकडे उसवायला आणू नका)

माझ्याकडे विणकाम शिकायला येणाऱ्या बायकांचे निम्मे प्रश्न टाक्यांचे नसतातच. ‘रंग वेगळा का दिसतोय?’, ‘लोकर पुरत नाहीये’, ‘एवढं मोठं कसं झालं?’, ‘इस्त्री केली आणि लोंबायलाच लागलं.’ हे सगळं दुकानात पैसे देतानाच ठरून गेलेलं असतं. बहुतेक उत्तरं गुंड्याभोवतीच्या कागदी पट्टीवर छापलेली असतात, आणि ती पट्टी घरी आल्याआल्या फाडून केराच्या डब्यात जाते.

‘लागली तर आणू की’

सगळ्यात महाग पडणारं वाक्य हे. पट्टीवर दोन नंबर असतात. एक शेडचा, म्हणजे रंग कुठला ते. दुसरा लॉटचा, म्हणजे तो माल कुठल्या खेपेला रंगवला ते. शेड तीच असली तरी लॉट बदलला की रंग किंचित हलतो. एकेक गुंडा हातात घेतला तर हा फरक डोळ्यांना कळत नाही. विणलेले दोन भाग शेजारी आले की लगेच कळतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पूर्ण बाह्यांचा मरून स्वेटर विणायला घेतला. हात चांगला, टाके एकसारखे. लोकर मात्र मोजून घेतली, ‘उगाच उरली तर काय करायचं’ म्हणून. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले आणि लोकर संपली. त्याच दुकानात त्याच शेडचा माल होता. दुकानदाराने ट्यूबलाइटखाली जुना तुकडा आणि नवा गुंडा शेजारी धरून ‘सेम आहे, ताई’ म्हटलं, आणि खरंच सेम दिसत होतं. हिने रात्री दिव्याखाली बसून दोन्ही बाह्या विणल्या, शिवल्या. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी फोटोसाठी सगळे गच्चीवर गेले. उन्हात अंग लालसर आणि बाह्या जांभळट. सासरे काही बोलले नाहीत. सासूबाईंनी विचारलं, “बाह्या नंतर लावल्यास का गं?”

नंतर बाह्या उसवल्या, बगलेला बॉर्डर विणली आणि त्याचा बिनबाह्यांचा स्वेटर केला. तो ते अजून घालतात. पण इतकी मेहनत करून शेवटी हाफ स्वेटर!

लॉट बदलणारच असेल तर एक युक्ती आहे, मात्र ती जुनी लोकर शिल्लक असतानाच चालते. दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन ओळी नव्याच्या, असं आलटून पालटून विणत जायचं, म्हणजे फरक पसरून जातो. शेवटचे दोन गुंडे उरले की हात थांबवायचा तो यासाठी. किंवा नवा लॉट फक्त गळा, मनगट आणि खालच्या बॉर्डरला वापरायचा. तिथे विणीचा पोतच बदलतो, त्यामुळे डोळा फसतो.

माझी सवय अशी. हिशेबापेक्षा दोन गुंडे जास्त घ्यायचे आणि घेतानाच विचारायचं, ‘न उघडलेले, पट्टीसकट परत घ्याल ना?’ पुण्यात बोहरी आळीसारख्या ठिकाणी ओळखीचा दुकानदार घेतो, किंवा निदान दोन गुंडे महिनाभर बाजूला काढून ठेवतो. रंग दुकानाच्या दारात येऊन उजेडात बघायचा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

ऑनलाइन मागवताना सगळी लोकर एकाच ऑर्डरमध्ये मागवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. गोदामात पाकीट भरणारा माणूस लॉट बघत बसत नाही. विक्रेत्याला आधी निरोप टाका, ‘सगळे एकाच लॉटचे पाठवा.’ खोकं आलं की एकही गुंडा न उघडता पट्ट्यांवरचे नंबर ओळीने वाचा आणि वेगळा निघाला तर परतीची मुदत असेपर्यंत परत करा. ‘सवडीने बघते’ म्हणणाऱ्यांना ती सवड नेमकी मुदत संपल्यावर मिळते.

ग्रॅम बघणं

नमुन्यात ‘४०० ग्रॅम’ लिहिलंय म्हणून कुठलीही ४०० ग्रॅम लोकर उचलायची नसते. मोज्यांच्या बारीक लोकरीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर धागा येतो, मध्यम जाडीच्या ‘डीके’ लोकरीत २००-२२० आणि जाड लोकरीत जेमतेम १००. त्यामुळे मीटर बघा. पट्टीवर असतात. ऑनलाइन पानावर मीटर दिलेले नसतील तर मी ती लोकर घेत नाही. फोटोत तर हाताएवढा दिसणारा गुंडा प्रत्यक्षात २५ ग्रॅमचाही निघतो. ‘सहा गुंड्यांचा संच’ या शब्दांना काहीच अर्थ नाही. ‘प्लाय’ म्हणजे किती पदर एकत्र पिळलेत ते. त्यावरून जाडीचा अंदाज येतो, खात्री नाही.

‘आठ नंबरची सुई’

कुठल्या देशातला आठ? आपल्याकडे अजून जुना ब्रिटिश क्रमांक चालतो. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत आकडा वाढला की सुई जाड होते. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकेतली ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आपली १० नंबर ३.२५ची, त्यांची थेट ६ची. गंमत म्हणजे ७ नंबर दोन्हीकडे ४.५ मिलिमीटर, त्यामुळे ज्यांनी पहिल्यांदा सातची सुई घेतली त्यांचा असा समज होतो की सगळे आकडे जुळतात.

लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेलेल्या एका काकूंचं असंच झालं. सुया विमानात काढून घेतील या भीतीने इथेच ठेवून गेल्या आणि मुलीला आठ नंबरच्या मागवायला सांगितलं. सुया आल्या. काकूंनी चाळीस वर्षं डोळे मिटून विणलेलं टोपडं ८० टाके घालून विणायला घेतलं. डीके लोकरीवर ४च्या सुईने १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात, म्हणजे घेर ३६ सेंटिमीटर. ५च्या सुईने त्यांचे अठराच बसत होते. घेर झाला ४४. ते टोपडं नातीच्या डोक्यावरून गळ्यात उतरलं. काकूंना वाटलं, वय झालं, हात सैल पडला. सुईवरचा मिलिमीटरचा आकडा कुणी बघितलाच नव्हता.

नंबर सोडा, मिलिमीटर बोला. दुकानातही. आणि दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणून, मोजून मगच टाके घाला. ‘टीचर, तुकडा विणण्यात वेळ जातो’ असं मला नवीन मुली सांगतात. अख्खा स्वेटर उसवण्यात किती जातो ते मी त्यांना सांगत नाही, त्यांचं त्यांना कळतं.

लोकर म्हणजे लोकरच, असं धरून चालणं

बाजारात ‘बेबी वूल’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. मेंढीचा तिच्याशी काही संबंध नसतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. पट्टीवर छापलेलं असतं, आपण वाचत नाही. ॲक्रिलिक स्वस्त, मशीनमध्ये धुता येतं, शिकायला उत्तम. पण त्यावर गरम इस्त्री ठेवली की वीण कायमची मेलीच समजा. चकाकते, लोंबते आणि परत येत नाही. शिवाय आगीत ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं, म्हणून शेगडीजवळ, शेकोटीजवळ लहान मुलाला ते घालू नका.

पट्टी नसलेली लोकर ‘प्युअर’ म्हणून कुणी विकत असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती आपोआप विझते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक मणी होतो.

आता उलटी चूक. ‘देशी, शुद्ध, हातकताई’ असं वाचून बाळासाठी दख्खनी मेंढीची लोकर मागवणं. ती लोकर घोंगडीची. जाडीभरडी, टिकाऊ, घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही. बाळाच्या मानेला ती टोचेल, आणि कितीही वेळा धुतली तरी टोचेल. बाळाला लोकरच हवी तर मेरिनो मेंढीची मऊ लोकर घ्या, आणि मशीनमध्ये धुणार असाल तर पट्टीवर ‘सुपरवॉश’ शब्द शोधा. तो नसला तर स्वेटर आटून बाहुलीच्या मापाचा होईल. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी तर सरळ सुती धाग्याचा विचार करावा.

बाकीच्या भराभर सांगते. पन्नास वस्तूंचा ‘नवशिक्यांचा संच’ घेऊ नका. त्यातल्या पंचेचाळीस कधी लागत नाहीत आणि उरलेल्या पाचांची टोकं खरखरीत असतात. सुईचं टोक ओढणीवरून फिरवून बघा, अडकलं तर ती सुई नको. टाक्यांच्या खुणेला सेफ्टी पिन पुरते. पहिल्या कामाला काळी लोकर नको, टाके दिसत नाहीत. मखमली आणि फरवाली लोकर तर नाहीच नाही. रीलमध्ये छान दिसते, पण चुकलं तर नीट उसवता येत नाही. लाल लोकर पांढऱ्यासोबत वापरायची असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का बघा. प्रदर्शनातून आणलेली लडी सोडून थेट विणायला बसू नका, दोन खुर्च्यांच्या पाठींवर अडकवून आधी गुंडा करा. ऑनलाइन शेड स्क्रीनवरून निवडण्यापेक्षा दुकानात वर्धमान, ओसवाल अशा लुधियानाच्या कंपन्यांचा माल हाताळा, शेडचा नंबर टिपून आणा आणि मग हवं तर ऑनलाइन मागवा. निदान पहिला गुंडा तरी त्या दुकानदाराकडून घ्या, फुकट हात लावून निघून येऊ नका.

आणि उन्हाळ्यातला सेल. आपल्याकडे दुकानात नवा माल थंडीच्या तोंडावर भरतो, मेमध्ये मिळतो तो उरलेला. भाव चांगला असतो, पण एका लॉटचे तीन-चार गुंडेच हाती लागतात. त्यात टोपडं आणि मोजे बसवा.